शून्य क्रमांकाचा खेळाडू

१९६३च्या उन्हाळ्यात मिशिगन राज्यातल्या पॉन्टिअ‍ॅक गावी डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा आपसांतला सराव सामना होता. खेळ चालू असताना एक उंच, शेलाटा माणूस मैदानात उतरला. त्याच्या जर्सीवर शून्य हा आकडा होता. त्याला क्वार्टरबॅकची जागा दिलेली होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये ही जागा सर्वांत अवघड समजतात. चाल पुकारायची ती क्वार्टरबॅकनं, चेंडू आधी येतो तो त्याच्या हातात, आणि समोरचे सव्वाशे किलोंच्या घरातले गडी तुटून पडतात तेही त्याच्यावरच. शून्य क्रमांकाच्या या खेळाडूला पाच चाली मिळाल्या. एकदा तर कुणाचा धक्का लागण्याआधीच तो स्वतः कोलमडला. पाच चालींनंतर त्याचा संघ होता त्या जागेपासून बराच मागे गेलेला होता. तो मैदानाबाहेर पडला तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

या टाळ्यांचा अर्थ त्यानं पुढे आपल्या पुस्तकात लावला आहे. लोकांना त्याच्या धाडसाचं कौतुक होतंच, पण त्याहून जास्त एक समाधान होतं. बाहेरचा माणूस इथे टिकू शकत नाही, आपण ज्यांना डोक्यावर घेतो ते खेळाडू खरोखरच वेगळ्या कसाचे आहेत, याची खात्री त्या पाच चालींनी पटवली होती.

या माणसाचं नाव जॉर्ज प्लिम्प्टन. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या इंग्रजी साहित्यविषयक त्रैमासिकाचं संपादन करत त्याला दहा वर्षं झाली होती. पुढची चाळीस वर्षंही तो तेच करणार होता. मधल्या काळात त्यानं खेळांवर पुस्तकं लिहिली, जॉन वेनच्या गोळीनं पडद्यावर मेला, वॉरन बेटीच्या चित्रपटात संपादकाची भूमिका केली. त्याच्या हयातीत अनेकांना हा सगळा एका श्रीमंत, हौशी माणसाचा पसारा वाटला. त्या पसाऱ्याच्या तळाशी एकच प्रश्न होता असं मला वाटतं: एखादं काम उत्तम करणारा माणूस ते नेमकं करतो कसं? हा प्रश्न प्लिम्प्टननं लेखकांना विचारला, मुष्टियोद्ध्यांना विचारला, आणि जिथे विचारून भागत नव्हतं तिथे तो स्वतः जाऊन उभा राहिला.

* * *

प्लिम्प्टनचा जन्म १८ मार्च १९२७चा, न्यूयॉर्कचा. वडील फ्रान्सिस प्लिम्प्टन नामांकित वकील, पुढे संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे उपप्रतिनिधी. घर जुनं, खानदानी. फिलिप्स एक्झिटरसारख्या प्रतिष्ठित शाळेतून मात्र त्याला शिक्षण पुरं होण्याआधीच काढून टाकलं. मग हार्वर्ड, मध्ये सैन्यातली नोकरी, ‘हार्वर्ड लॅम्पून’ या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकाचं काम आणि त्यानंतर केंब्रिजचं किंग्ज कॉलेज.

तो केंब्रिजला असताना पॅरिसमध्ये पीटर मॅथिसन आणि हॅरोल्ड ह्यूम्स हे दोन तरुण अमेरिकन लेखक नव्या नियतकालिकाची जुळवाजुळव करत होते. संपादक म्हणून त्यांनी प्लिम्प्टनला बोलावलं. पहिला अंक १९५३च्या वसंतात निघाला. त्या अंकाच्या आरंभी विल्यम स्टायरननं एक पत्र लिहून नियतकालिकाची भूमिका मांडली. त्या काळातली बहुतेक साहित्यिक नियतकालिकं समीक्षेनं भरलेली असत, कथा-कवितांना उरलीसुरली जागा मिळे. इथे तसं होणार नव्हतं. कथा आणि कविता पुढे, समीक्षा मागे. कुठल्याही कंपूचा झेंडा मिरवायचा नाही. लेखन चांगलं असेल तर लेखक कोण हे पाहायचं नाही.

ही भूमिका अंकांमधून दिसत राहिली. सॅम्युएल बेकेटच्या ‘मॉलॉय’चा अंश इथे आला तेव्हा इंग्रजी वाचकांना तो फारसा ठाऊक नव्हता. जॅक केरुअ‍ॅकची ‘ऑन द रोड’ १९५७ साली पुस्तकरूपानं आली, पण तिचा एक तुकडा ‘द मेक्सिकन गर्ल’ या नावानं ‘पॅरिस रिव्ह्यू’नं त्याच्या दोन वर्षं आधीच छापला होता. फिलिप रॉथ पंचविशीत होता तेव्हा त्याची ‘द कन्व्हर्शन ऑफ द ज्यूज’ ही कथा याच पानांवर आली. वर्षानुवर्षं कार्यालयात येऊन पडणाऱ्या अनोळखी नावांच्या पाकिटांमधून ‘साभार परत’ कुणाला जायचं आणि कुणाला थांबवून ठेवायचं, ही संपादकाची खरी परीक्षा. त्या परीक्षेत प्लिम्प्टन आणि त्याचे सहकारी पुन्हा पुन्हा उतरले.

तरीही ‘पॅरिस रिव्ह्यू’चं नाव आज जगभर घेतलं जातं ते मुलाखतींसाठी. त्यांचा जन्म गरजेतून झाला. नव्या त्रैमासिकाकडे पैसा नव्हता. मोठ्या लेखकाची कथा मागायची तर मानधन द्यावं लागणार. मुलाखत मागितली तर पैसे लागत नाहीत आणि मोठं नाव मुखपृष्ठावर येतं. पहिल्याच अंकात इ. एम. फॉर्स्टरची मुलाखत होती. फॉर्स्टर किंग्ज कॉलेजमध्येच राहत होते, प्लिम्प्टनला ते तिथलेच परिचयाचे. ‘अ पॅसेज टू इंडिया’नंतर त्यांनी कादंबरी प्रसिद्ध केली नव्हती, आणि ती का लिहिता आली नाही याबद्दल ते या मुलाखतीत बोलले.

गरजेतून सुरू झालेल्या या सदराला हळूहळू पक्की पद्धत लाभली. सुरुवातीच्या काळात मुलाखतीला दोघं जात. ध्वनिमुद्रण यंत्र नसे. दोघंही हातानं टिपणं घेत आणि नंतर ती ताडून पाहत. तयार झालेला मजकूर लेखकाकडे जाई. लेखक तो दुरुस्त करे, वाक्यं बदले, नव्यानं लिही. वर्तमानपत्री मुलाखतीत हे चालत नाही, कारण तिथे बोलणाऱ्याला बेसावध गाठायचं असतं. इथे हेतूच निराळा होता. लेखकाला आपल्या कामाबद्दल जास्तीत जास्त अचूक बोलता यावं, एवढंच हवं होतं.

प्रश्नही त्याच वळणाचे. तुम्ही सकाळी लिहिता की रात्री? पेन्सिलीनं की टंकयंत्रावर? पात्राचं नाव कसं सुचतं? थांबता कुठे? हे प्रश्न साधे दिसतात. मोठ्या साहित्यिकाला असं काही विचारायला आपल्याकडे आजही संकोच वाटतो. आपण त्याला समाजाबद्दल, भूमिकेबद्दल, साहित्याच्या भवितव्याबद्दल विचारतो आणि त्याची उत्तरं बहुधा आपल्याला आधीच माहीत असतात. सुताराला रंधा कसा धरतोस असं विचारलं तर तो मनापासून सांगतो. लेखकही सांगतो, विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचं असलं तर.

अर्नेस्ट हेमिंग्वेची मुलाखत हा या पद्धतीचा कळस. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली, पण तिची सुरुवात १९५४मध्ये माद्रिदच्या एका कॅफेतल्या बोलण्यापासून होती. मधली वर्षं पाठपुराव्यात गेली. कामाच्या गुपितांबद्दल बोलायला हेमिंग्वे नाखूश असे, प्रश्न आवडला नाही तर चिडे. तरीही त्या मुलाखतीतून जे हाती आलं ते दुर्मीळ आहे. हवानाजवळच्या घरात, शयनगृहातल्या पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर कागद ठेवून तो उभ्यानं लिहायचा. रोज किती शब्द झाले याचा हिशेब पुठ्ठ्यावर मांडायचा. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट त्यानं एकोणचाळीस वेळा लिहिला होता. अडचण काय होती, असं प्लिम्प्टननं विचारलं. शब्द नीट बसवायचे होते, एवढंच त्याचं उत्तर. लेखनकलेवरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा हे उत्तर नव्या लेखकाच्या जास्त उपयोगी पडतं.

* * *

खेळांकडे प्लिम्प्टन वळला तो हाच प्रश्न घेऊन, पण तिथे एक अडचण होती. खेळाडूला आपण काय करतो ते पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही. त्याचं ज्ञान मनगटात, डोळ्यांत, पावलांत असतं. मग ते कळायचं कसं?

वाट दाखवणारा एक पूर्वज होता. क्रीडापत्रकार पॉल गॅलिको १९२३ साली हेवीवेट विजेत्या जॅक डेम्प्सीसमोर सरावाच्या रिंगणात उभा राहिला आणि काही क्षणांतच जमिनीवर आडवा झाला. पुढे त्यानं लिहिलं की ज्या खेळाबद्दल लिहायचं त्याची चव एकदा तरी स्वतःच्या अंगानं घ्यावी. गॅलिकोनं जे काही वेळा करून पाहिलं, त्याची प्लिम्प्टननं आयुष्यभराची पद्धत केली. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकानं त्याला पाठबळ दिलं.

आधी बेसबॉल. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मोसम संपल्यानंतरच्या एका प्रदर्शनीय सामन्याआधी त्यानं देशातल्या सर्वोत्तम फलंदाजांना चेंडू टाकले. आरंभ स्वप्नवत झाला. विली मेजसारख्या खेळाडूचा फटका उंच उडून झेलला गेला. मग एर्नी बँक्स आला आणि त्यानं चेंडूमागून चेंडू सोडून दिले, कारण मनासारखा एकही येत नव्हता. प्लिम्प्टनचा खांदा भरून आला, श्वास पुरेना, स्वतःच्या डोक्यातला आवाज आपल्याला काहीबाही सांगतोय असं त्याला वाटू लागलं. अखेर दुसऱ्याला येऊन चेंडू हातात घ्यावा लागला. यातून ‘आउट ऑफ माय लीग’ हे पुस्तक १९६१ साली निघालं. पिचरच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाला किती एकटं वाटतं, हे प्रेक्षकांतल्या खुर्चीवरून कुणाला लिहिता आलं नसतं.

१९५९मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्टिलमन्स जिममध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता आर्ची मूर याच्याशी तीन फेऱ्या लढला. मूरनं त्याचं नाक रक्तबंबाळ केलं. प्लिम्प्टनची आणखी एक पंचाईत होती: ठोसा बसला की त्याच्या डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. हे त्यानं ‘शॅडो बॉक्स’मध्ये लपवलेलं नाही. पुढच्या काळात व्यावसायिक गोल्फपटूंबरोबरच्या दौऱ्यावर ‘द बोगी मॅन’ आलं, आणि बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक होऊन पाहिल्यावर ‘ओपन नेट’.

या सगळ्यांत वरचं पुस्तक म्हणजे ‘पेपर लायन’, १९६६चं. पॉन्टिअ‍ॅकच्या पाच चाली या पुस्तकात आहेत, पण पुस्तक त्यांच्यावर उभं नाही. ते उभं आहे डेट्रॉइट लायन्सच्या प्रशिक्षण शिबिरातल्या दिवसांवर. नवख्या खेळाडूंची भीती त्यात आहे. रात्री शिबिरातून कुणाला काढलं जाईल याची कुजबुज आहे. जुने खेळाडू दुखरे गुडघे घेऊन आणखी एक मोसम काढायला बघताहेत, जेवणाच्या टेबलावर नव्यांना गाणी म्हणायला लावताहेत. त्या मोसमात जुगाराच्या प्रकरणावरून निलंबित झालेला अ‍ॅलेक्स कॅरास शिबिरात नाही, तरी प्रत्येकाच्या बोलण्यात आहे. प्लिम्प्टनची फजिती हे त्या जगाचं प्रवेशपत्र होतं. आपल्यासारखंच मातीत पडून उठलेल्या माणसाशी खेळाडू जसे बोलतात, तसे ते वही घेऊन कडेला उभ्या असलेल्या वार्ताहराशी बोलत नाहीत.

खेळापलीकडेही त्यानं हा प्रयोग नेला. लिओनार्ड बर्नस्टाइनच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये तालवाद्यांच्या रांगेत तो उभा राहिला. इथे त्याला आजवर लागली नव्हती एवढी भीती वाटली, आणि तिचं कारणही त्यानं शोधून काढलं. खेळात चूक गृहीत धरलेली असते. प्रतिस्पर्धी चुकतो म्हणून आपण जिंकतो. वाद्यवृंदात चुकीला जागाच नाही. घुंगरांचा एक स्वर अवेळी वाजला तर शंभर जणांची मेहनत आणि मालरची सिम्फनी दोन्ही विस्कटतात. दोन कलांमधला हा फरक पुस्तकांतून नव्हे, घाम फुटलेल्या तळहातांतून त्याच्या लक्षात आला.

* * *

चित्रपटांत तो असाच गेला, आणि तिथे आपली जागा त्यानं लवकर ओळखली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तल्या गर्दीत आपण बेदुइनाच्या वेशात आहोत असं तो सांगे. १९७०च्या ‘रिओ लोबो’त त्याला बंदूकधारी गुंडाची भूमिका मिळाली. हॉवर्ड हॉक्स या थोर दिग्दर्शकाचा हा शेवटचा चित्रपट. प्लिम्प्टनच्या वाट्याला एक वाक्य होतं. ते त्यानं नाना तऱ्हांनी घोकलं, आणि चित्रीकरणाच्या वेळी हॉक्सनं ते वाक्यच बदललं. नंतर जॉन वेननं त्याला गोळी घातली. या अनुभवावर दूरचित्रवाणीसाठी एक कार्यक्रमही झाला. एका वाक्यासाठी नटाला किती वेळ ताटकळावं लागतं, दिवे आणि कॅमेरे यांच्यामध्ये साधं चालणंही कसं शिकावं लागतं, ते त्यातून प्रेक्षकांना दिसलं.

त्याआधी, १९६८ साली, ‘पेपर लायन’वरच चित्रपट निघाला होता. त्यात प्लिम्प्टनची भूमिका अ‍ॅलन अल्डानं केली आणि अ‍ॅलेक्स कॅरास स्वतःच्याच भूमिकेत आला. कॅरास पुढे अभिनेता म्हणूनच स्थिरावला. पुस्तकात गैरहजर असलेल्या खेळाडूला त्या पुस्तकानंच दुसरा व्यवसाय मिळवून दिला.

१९८१च्या ‘रेड्स’मध्ये प्लिम्प्टन मासिकाच्या संपादकाच्या भूमिकेत आहे. डायान कीटनसमोर त्याचा जुन्या घराण्यातला उच्चार आणि अदबीआड लपलेली लगट नेमकी उतरली आहे. ‘गुड विल हंटिंग’मध्ये मॅट डेमनचा विल ज्या मानसोपचारतज्ज्ञाची रेवडी उडवतो, तो प्लिम्प्टनच. ‘निक्सन’मध्ये तो राष्ट्राध्यक्षांचा वकील झाला. या भूमिका मिनिटा-दोन मिनिटांच्या, आणि बहुतेक ठिकाणी तो कुणाच्या तरी सरशीसाठी हरणारा माणूस. समोरच्या नटाचा प्रसंग रंगावा म्हणून आपण नीट हरणं हेही एक कसब आहे, आणि त्याचा सराव त्यानं मैदानावर भरपूर केला होता.

पडद्यावरचं त्याचं सर्वांत सुंदर दर्शन मात्र अभिनयातलं नाही. ‘व्हेन वी वर किंग्ज’ हा ऑस्करविजेता माहितीपट १९७४मध्ये किन्शासात झालेल्या महंमद अली-जॉर्ज फोरमन लढतीचा आहे. त्यात नॉर्मन मेलर आणि प्लिम्प्टन हे दोघं लेखक त्या रात्रीची आठवण सांगतात. बावीस वर्षांनंतरही प्लिम्प्टनच्या चेहऱ्यावरचं अलीबद्दलचं आश्चर्य ओसरलेलं नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस अलीबद्दल बोलताना कोवळा पोरगा होतो.

अलीचाच आणखी एक प्रसंग त्याच्या दोन्ही जगांना जोडतो. कवयित्री मरिअन मूर ही बेसबॉलची निस्सीम चाहती. प्लिम्प्टननं अली आणि मूर यांची न्यूयॉर्कच्या टूट्स शोर्स या खानावळीत भेट घडवून आणली. आधुनिक अमेरिकन कवितेतली ती वृद्धा आणि तो तरुण हेवीवेट विजेता एका टेबलावर बसले आणि एर्नी टेरेलविरुद्धच्या लढतीवर दोघांनी मिळून एक कविता लिहिली. अशी भेट घडवायला दोघांच्याही कलेबद्दल सारखाच आदर असलेला माणूस लागतो.

खेळांवरच्या साहित्याबद्दल त्याचा एक सिद्धान्तही होता: चेंडू जितका लहान, तितकं त्या खेळावरचं लेखन सरस. गोल्फवरची पुस्तकं उत्तम, बेसबॉलवरची तशीच, फुटबॉलवरची बरी, बास्केटबॉलवर फार थोडी. क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षाही किंचित लहान असतो. नेव्हिल कार्डस आणि सी. एल. आर. जेम्स ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा सिद्धान्त पटायला वेळ लागणार नाही.

* * *

५ जून १९६८. लॉस एंजलिसच्या अ‍ॅम्बॅसडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांचा मित्र प्लिम्प्टन तिथेच होता. मारेकऱ्यावर झडप घालून त्याला धरून ठेवणाऱ्यांमध्ये तो होता. आयुष्यभर स्वतःच्या अनुभवावर पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसानं त्या रात्रीवर पुस्तक लिहिलं नाही. त्याऐवजी जीन स्टाइनच्या मुलाखतींमधून तयार झालेलं ‘अमेरिकन जर्नी’ त्यानं संपादित केलं. केनेडींचा मृतदेह न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेणाऱ्या रेल्वेगाडीतले आणि रुळांच्या कडेला उभे राहिलेले लोक त्यात बोलतात. त्याच जोडगोळीचं ‘एडी’ हे पुस्तक १९८२ साली आलं. अनेकांच्या तोंडचे तुकडे ओळीनं लावून एक आयुष्य उभं करायचं, मध्ये निवेदकाचं एकही वाक्य घालायचं नाही, ही रीत त्या पुस्तकानं रुजवली. ‘मी’ या शब्दानं पानं भरणारा लेखक, वेळ आली की तो शब्द पूर्णपणे काढून टाकू शकत होता. मला त्याच्यातला संपादक सर्वांत मोठा दिसतो तो इथे.

त्याच्यावरच्या आक्षेपांकडे डोळेझाक करून चालणार नाही. दारं त्याच्यासाठी उघडत होती ती घराण्यामुळे, पैशामुळे, गोऱ्या कातडीमुळे. त्याच्या काळात एखाद्या कृष्णवर्णीय तरुणाला किंवा स्त्रीला लायन्सच्या शिबिरात असं राहता आलं नसतं. नियतकालिकाच्या जन्मावरही एक सावली आहे. सुरुवातीच्या दिवसांत आपण अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेसाठी काम करत होतो आणि ‘पॅरिस रिव्ह्यू’ हा आपला आडोसा होता, हे मॅथिसननं पुढे स्वतः कबूल केलं. आणि प्लिम्प्टननं आपली बुद्धी विखुरली, स्वतःची मोठी कादंबरी कधी लिहिली नाही, ही तक्रार तर त्याच्या मित्रांचीही होती.

पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. तिसरा नाही. न्यूयॉर्कच्या पूर्व बहात्तराव्या रस्त्यावर, ईस्ट नदीच्या काठी त्याचं घर होतं आणि त्याच इमारतीत त्रैमासिकाचं कार्यालय. घरात बिलियर्डचं टेबल, वर लेखकांच्या मेजवान्या, खाली हस्तलिखितांचे ढीग आणि ते वाचणारी विशीतली मुलं. अंकाचा खर्च कधी सहज निघाला नाही. तो व्हिडिओ गेमच्या जाहिरातीत दिसला, पॉपकॉर्नच्या जाहिरातीतही दिसला. खेळाच्या पुस्तकांनी आणि पडद्यानं दिलेली ओळख वापरून त्यानं देणगीदार गोळा केले. ज्या प्रसिद्धीला लोक त्याचा छंद समजत होते, तिच्या आधारानं कवितांची पानं छापली जात होती. पन्नास वर्षं साहित्याचं त्रैमासिक चालवणं म्हणजे काय, हे ज्यांनी एक वर्ष जरी असा अंक काढला आहे त्यांना सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या अंकात त्याच्या आणखी एका वेडाचा उल्लेख करायलाच हवा. त्याला आतषबाजीचं विलक्षण प्रेम. न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी त्याला शहराचा मानद आतषबाजी आयुक्त केलं होतं, आणि १९८४मध्ये त्यानं आतषबाजीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. शोभेची दारू बनवणाऱ्या ग्रुची कुटुंबाबरोबर त्यानं १९७५ साली जगातला सर्वांत मोठा फटाका उडवायचा घाट घातला. नाव ठेवलं ‘फॅट मॅन’. तो आकाशात गेलाच नाही, जमिनीवरच फुटला आणि भलामोठा खड्डा पडला. प्लिम्प्टननं ही हकिकतही रंगवून सांगितली आणि ग्रुचींच्या पिढीजात कारागिरीबद्दल त्याच आदरानं लिहिलं, ज्या आदरानं त्यानं हेमिंग्वेच्या पेन्सिलींबद्दल लिहिलं होतं.

२५ सप्टेंबर २००३ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तो घरी झोपेतच गेला. त्रैमासिक त्याच्या पश्चात चालू आहे आणि मुलाखतींची मालिकाही.

आजचा काळ मतं देणाऱ्यांचा आहे. खेळावर, साहित्यावर, चित्रपटावर प्रत्येकाकडे निकाल तयार असतो, आणि तो देताना समोरच्या कामाला किती हात लागले, किती वर्षं लागली, याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. प्लिम्प्टनजवळ उलटा गुण होता. तो उघडपणे अडाणी होऊन जाई, मार खाई, हसं करून घेई, आणि परत येऊन सांगे की हे काम तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी पट अवघड आहे. त्यामुळे त्याची पुस्तकं वाचून संपल्यावर त्याच्यापेक्षा आर्ची मूर मोठा वाटतो, लायन्सचे गडी मोठे वाटतात, एकोणचाळीस वेळा शेवट लिहिणारा हेमिंग्वे मोठा वाटतो. संपादकाचं काम हेच, आणि क्रीडालेखकाचंही. मराठीत आज नियतकालिकं काढणाऱ्या तरुण संपादकांनी त्याच्याकडून एवढं एक घ्यावं: कर्तबगार माणसाकडे जावं, त्याला त्याच्या कामाबद्दल अगदी साधे प्रश्न विचारावेत, आणि तो देईल ती उत्तरं त्याच्याच शब्दांत, पुरेशी जागा देऊन छापावीत.